उलटा चेदी : लंपांगच्या रोजनिशीतून

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आज माघी एकादशी. धाकटा भाऊ दिंडीबरोबर पंढरपुरात आहे. सकाळी त्याने कळसाचा फोटो पाठवला, तेव्हा आम्ही च्यांग माई स्टेशनच्या फलाटावर उपासाची केळी सोलत होतो. बाजूला एक बाई उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकत होती. त्या घेतल्या. परक्या देशात उपास कसा निभावणार ही काळजी तिथेच मिटली.

गाडी साधी, उघड्या खिडक्यांची. डोंगर सुरू झाले, बांबू आणि साग खिडकीला घासू लागले आणि मग खुन तानचा बोगदा आला. तेराशे बावन्न मीटर. काम १९०७ साली सुरू झालं आणि संपलं १९१८ साली. बँकॉकहून येणारी गाडी १९१६ साली लंपांगला पोचली आणि या डोंगरापाशी अडून राहिली. त्या मुक्कामाने लंपांग मोठं झालं, असं दिसतं. पलीकडे अंधारातून बाहेर पडताना मला आमच्या खंबाटकीच्या बोगद्याची आठवण झाली. तिथला घाट ओलांडला की घर जवळ आलं असं वाटायची सवय आहे. इथे घर नव्हतं, पण छातीत तसंच हलकं झालं.

आम्ही इथे का आलो, ते लिहून ठेवते. वाईच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी आठवीच्या मुलांकडून सूचिछिद्र कॅमेरा करून घ्यायचे : पुठ्ठ्याचं खोकं, एका बाजूला तेल लावलेला कागद, समोरच्या बाजूला सुईने पाडलेलं भोक. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका मासिकात दोन परिच्छेद वाचले होते. उत्तर थायलंडमधल्या एका देवळात अंधारी खोली आहे, दाराच्या फटीतून आलेल्या उजेडाने बाहेरचा स्तूप आत उलटा उमटतो आणि भाविक तो बघतात. तो कागद कापून मी पाठ्यपुस्तकात ठेवला होता. निवृत्तीनंतर पुस्तकं वाटून टाकली, कागद राहिला. ह्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "जाऊ या की." तेवढ्यावर ठरलं.

राहायला वांग नदीच्या काठी एक जुनं सागवानी घर आहे. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. सोबत तिसरीतली नात. त्या हात जोडून म्हणाल्या, "सवादी जाव." बाईमाणसाने वाक्याच्या शेवटी आदराने लावायचा तो 'जाव', असं फोनवरच्या भाषांतरातून कळलं. या म्हणताना जाव म्हणणारं गाव.

९ फेब्रुवारी, रविवार

देवळाला इथे 'वाट' म्हणतात. सकाळपासून हा शब्द तोंडात घोळवते आहे. थाई पाट्या वाचता येत नाहीत, पण कुणी बोललं की आपल्याच घरातली भांडी वेगळ्या फडताळात मांडलेली दिसावीत तसं होतं. विहान म्हणजे विहार. चेदी म्हणजे चैत्य. मोन्दोप म्हणजे मंडप. थात म्हणजे धातू, म्हणजे बुद्धाचे अवशेष. आणि शाकाहारीला 'मांगसविरत', म्हणजे मांसापासून विरत. या एका शब्दावर आमचं दुपारचं जेवण निघालं. चिकट भात, उकडलेल्या भाज्या, आणि वर मालकीणबाईंची काळजीची नजर.

आज वाट फ्रा केओ दोन ताओ बघितलं. पन्नास मीटर उंच पांढरा-सोनेरी चेदी, आणि शेजारी १९०९ साली बांधलेला ब्रह्मी मोन्दोप. त्याचे लाकडी छपरांचे थर एकावर एक इतके नाजूक चढत गेले आहेत की खालून बघताना मान अवघडते. बँकॉकच्या राजवाड्यात आज जो पाचूचा बुद्ध पूजला जातो, तो १४३६ ते १४६८ अशी बत्तीस वर्षं लंपांगात होता. तो इथे कसा आला याची गोष्ट सांगतात. च्यांग माईच्या राजाने मूर्ती आणायला हत्ती पाठवला. हत्ती वाटेत वळला आणि लंपांगला आला. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. राजाने मान तुकवली. आपल्या गोष्टींत हत्ती माळ घालून राजा निवडतो, इथे हत्तीने देवाचं गाव निवडलं.

दुसरी गोष्ट मात्र सहज ऐकून सोडून देण्यासारखी नाही. सुचादा नावाची बाई होती. सुचादा म्हणजे सुजाता. तिच्या मळ्यात कलिंगड पिकलं, ते फोडलं तर आत हिरवं रत्न. ते तिने भिक्खूंना दिलं आणि त्यातून बुद्धमूर्ती घडली. मग गावात कुजबुज उठली, की बाई आणि भिक्खू यांच्यात काही आहे. सुचादाला मारून टाकलं. आज देवळाच्या पूर्ण नावात तिचं नाव आहे, 'सुचादाराम'. बोधगयेजवळ खीर देणारी सुजाता आपण मुलांना शिकवतो. दान देऊन जीव गमावलेली ही सुजाता मला आज कळली. तिच्या मूर्तीसमोर पाच-सहा बायका फुलं ठेवत होत्या. मीही एक ठेवलं.

संध्याकाळी काद कोंग ता. 'काद' म्हणजे बाजार, शनिवार-रविवारी नदीकाठच्या जुन्या गल्लीत भरतो. दोन्ही बाजूंना चिनी, ब्रह्मी, इंग्रजी धाटणीची शंभर वर्षांची दुकानघरं. ज्याच्या त्याच्या हातात कोंबड्याचं चित्र असलेले वाडगे. कोंबडा गावाचं चिन्हच आहे, पांढरा कोंबडा. बुद्ध इथे भिक्षेला येणार होते, लोक वेळेवर उठावेत म्हणून इंद्राने पांढरा कोंबडा होऊन बांग दिली, अशी कथा. नदीवरच्या पुलाच्या खांबावरही तो कोंबडा आहे. इंद्राबद्दल इतकी चांगली गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. आपल्याकडे अहल्येच्या गोष्टीतली पहाटेची बांग ही फसवणूक असते.

'खाव तेन' नावाचा पदार्थ घेतला. चिकट भातात कलिंगडाचा रस घालून गोल चकत्या थापायच्या, उन्हात वाळवायच्या, तळायच्या, वर पातळ गूळ सोडायचा. आपली वाळवणंच. सुचादाचं कलिंगड डोक्यात होतं म्हणून असेल, पहिला घास हळू गिळला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सगळं लिहायला हवं. हात दुखला तरी.

वाट फ्रा थात लंपांग लुआंग इथून अठराएक किलोमीटर. दोन समोरासमोरच्या बाकांची जीप मिळते, तिला सोंगथेव म्हणतात. सकाळीच निघालो, कारण चेदीवर ऊन हवं होतं. जितकं बाहेर ऊन, तितकी आत प्रतिमा ठळक, हे मी मुलांना शेकडो वेळा सांगितलंय.

देऊळ एका टेकाडावर आहे, भोवती जुन्या विटांचा तट. पूर्वी हे किल्ल्यासारखं ठाणंच होतं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नाग. वर नक्षीचा दरवाजा ओलांडला की समोर मोठा विहान, १४७६ सालचा. थायलंडमधल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. मी बराच वेळ बाहेरच थांबले, कारण त्याला भिंतीच नाहीत. नुसते सागाचे जाडजूड खांब आणि तीन टप्प्यांनी खाली उतरत आलेलं छप्पर. ते इतकं खाली येतं, की कडेने आत शिरताना आपोआप वाकायला होतं. दार नाही, कुलूप नाही, उंबरा म्हणावा असा उंबरा नाही. वारा एका बाजूने येतो आणि बुद्धासमोरून दुसऱ्या बाजूला जातो.

आत सोनेरी ओवरीसारखी एक उंच रचना, तिला 'कु' म्हणतात, आणि तिच्यात फ्रा चाओ लान थोंग ही मूर्ती. मला गुडघे टेकता येत नाहीत. पाय बुद्धाकडे करून बसायचं नाही, हेही माहीत होतं. म्हणून एका खांबाला टेकून, पाय एका अंगाला मुडपून बसले. झाडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी बघितलं आणि मान डोलावली : बरोबर बसलीस. मग त्या आपल्या झाडायला लागल्या. कुणी पुढे सरका म्हणालं नाही. पंढरपूरला आठ तास रांगेत उभं राहून पायांवर डोकं टेकवायला एक क्षण मिळतो, आणि त्या क्षणासाठी मी पुन्हा आठ तास उभी राहीन. पण असं बसायला मिळणं, नुसतं बसायला मिळणं, हे मी कुठल्याच मोठ्या देवस्थानात अनुभवलेलं नव्हतं. तासभर तरी बसले असेन.

खांबावर हात फिरवला. साडेपाचशे वर्षांचं लाकूड हाताला गार लागत नाही.

मागे चेदी. पंचेचाळीस मीटर उंच, तांब्या-पितळेच्या पत्र्यांनी मढवलेला, पण त्यांवर काळाने हिरवट-तपकिरी छटा चढली आहे. भोवतीच्या कठड्याला एक भोक आहे. १७३२ साली लांफूनच्या सैन्याने हे देऊळ बळकावलं होतं. नान थिप चांग नावाचा इथला माणूस रात्री पाण्याच्या मोरीतून आत शिरला आणि त्याने सेनापतीला गोळी घातली. तिची ही खूण. पुढे तो लंपांगचा राजा झाला. त्याच्या नातवाने, काविलाने, च्यांग माईवरचा ब्रह्मी अंमल उठवला.

आणखी एक. लान्ना मुलखात, म्हणजे या उत्तर थायलंडात, प्रत्येक जन्मवर्षाचं एक तीर्थ ठरलेलं आहे. बारा वर्षांचं चक्र, बारा प्राणी. हे तीर्थ बैलाच्या वर्षाचं. माझा जन्म १९६१ चा, म्हणजे बैलाच्याच वर्षाचा. ह्यांनी फोनवर तपासून सांगितलं, "अगं, हे तुझंच देऊळ निघालं." इतका आनंद झाला, की मी चेदीला पुन्हा एक प्रदक्षिणा घातली.

मग आम्ही ती खोली शोधली. हो फ्रा फुत्थबात, बुद्धपादाची खोली, १४४९ सालची. लहानसा पांढरा चौकोनी मंडप, वर चढणाऱ्या उभ्या पायऱ्या, एक अरुंद दार. आणि पायऱ्यांपाशी इंग्रजीतही पाटी : स्त्रियांनी वर जाऊ नये.

मी ती दोनदा वाचली. माझ्या कात्रणात 'भाविक' असं लिहिलेलं होतं.

हे म्हणाले, "मग मीही नाही जात." मी म्हटलं, "तुम्ही जा. जा आणि नीट बघून या." ते चप्पल काढून वर गेले. दार लागलं. मी खाली वाळूत उभी. आत काय चाललंय ते मला माहीत होतं, त्या क्षणी आत असलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. चेदीच्या टोकावरून निघालेला किरण भोकातून सरळ खाली जातोय, पायथ्याचा किरण सरळ वर जातोय. दोघे भोकापाशी एकमेकांना ओलांडतात आणि पडद्यावर जागा बदलून उतरतात. अकराव्या शतकात इब्न अल हैथमने हे अंधाऱ्या खोलीत तपासलं. मी ते चपलांच्या खोक्यांत केलं, पोरींकडून, पोरांकडून.

दहा मिनिटांनी हे बाहेर आले. चेहरा उजळलेला. "पांढरं कापड लावलंय. अख्खा चेदी, उलटा, रंगांसकट!" मी विचारलं, भोक केवढं होतं? कडा स्पष्ट होत्या का? कापड किती लांब होतं? ह्यांनी भोकाकडे बघितलंच नव्हतं. त्यात त्यांची काय चूक, पण मला रडू आलं. वाळूत, उन्हात, त्रेसष्टाव्या वर्षी.

मला राग आला होता, तो राग इथे नोंदवते आहे. दुसऱ्यांच्या घरी पाहुणी आहे, त्यांचे नियम मी मोडणार नाही. पण नियम बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडेही हे आहे. शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला तो २०१६ साली. पंढरपुरात विठोबाच्या दारातून दलितांना आत घ्यावं म्हणून साने गुरुजी १९४७ साली उपोषणाला बसले, जीव पणाला लावला, तेव्हा ते दार उघडलं. त्या उघड्या दारातून मी लहानपणापासून आत जात आले. त्याची किंमत मला आजच्याइतकी कधी कळली नव्हती.

तेवढ्यात फुलं विकणाऱ्या एका आजोबांनी बाहीला हलकेच खूण केली. बोटाने दाखवलं, तिकडे. बाजूला विहान फ्रा फुत, जुनं लहान देऊळ. तिथे बायकांना जाता येतं. तिथेही दाराला तशीच फट आहे.

आत गेलो. दार ओढून घेतलं. आधी नुसता काळोख, मग जमिनीलगत काहीतरी फिकट हललं. आजोबांनी कापड धरलं, आणि त्याच्यावर चेदी आला. टोक खाली, पायथा वर, खाली निळं आकाश. रंग खरंच बाहेरच्यासारखे होते. कडा जरा मऊ होत्या. भोक थोडं मोठं असावं. आकाशातून एक पाखरू गेलं, पोट वर करून, उलट्या दिशेने. मी कापड हातात मागितलं. त्यांनी दिलं. भोकाजवळ नेलं, चेदी लहान झाला आणि उजळला. लांब नेलं, मोठा झाला, मंदावला. आठवीच्या धड्यातली आकृती माझ्या हातात हलत होती.

हंपीला विरूपाक्षाच्या देवळात गोपुराची अशीच उलटी सावली पडते. शाळेची सहल घेऊन गेले होते, तेव्हा मुली भिंतीला हात लावून लावून बघत होत्या. ते आठवलं.

आजोबांना मी 'यिन दी' म्हटलं, इकडचं धन्यवाद. ते 'यिन दी' म्हणाले आणि कापडाची घडी घातली.

जे बघायला आले ते मिळालं. पण त्या पायऱ्या उतरताना मागे वळून बघितलं, तेव्हा पाटी तिथेच होती, आणि मन शांत झालं असं मी लिहिणार नाही.

देवळामागे एक बोधिवृक्ष आहे. त्याच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांना खालून लाकडी टेकू दिलेले आहेत, खूप टेकू, काहींवर नावं लिहिलेली. म्हाताऱ्या झाडाला टेकू देणं हे इथे पुण्य समजतात. ते बघून जरा बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाय सुजलेत. दुपारपर्यंत घरीच.

नंतर गावातली दोन ब्रह्मी देवळं. वाट सी रोंग मुआंगच्या आत रंगीत काचांनी मढवलेले खांब, छपराला पुन्हा तेच थरांवर थर. वाट सी चुम मोठं, पण त्याचा जुना विहान १९९२ सालच्या आगीत गेला. आजचा नंतर उभारलेला. ही देवळं सागाच्या पैशातून उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या जंगलात लाकूडतोडीचे ठेके इंग्रजी कंपन्यांकडे गेले. त्यांच्याबरोबर ब्रह्मदेशातून आणि शान मुलखातून मुकादम, व्यापारी आले. हत्तींनी ओंडके वांग नदीत लोटायचे, पावसाळ्यात ते वाहत पिंग नदीला, तिथून चाओ फ्रायाला, बँकॉकला. तोडलेल्या झाडांतल्या आत्म्यांची शांती व्हावी म्हणून या लोकांनी देवळं बांधली, असं सांगतात.

त्या कंपन्यांतली एक बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली. हे नाव इथे ऐकून दोघेही गप्प झालो. ह्यांच्या मेणवलीच्या आजोळी माजघराला जे खांब आहेत, त्यांना घरात सगळे 'बर्मा टीक' म्हणत आले. ते नेमके कुठल्या डोंगरातले, कुणी विचारलं नाही. कोणत्या झाडाची शांत कुणी केली, तेही नाही. परत गेल्यावर त्या खांबांना हात लावीन.

येताना वाट पोंगसनुकला पाच मिनिटं टेकलो. टेकाडावर चारी बाजूंनी उघडा लाकडी मोन्दोप. मोडकळीला आला होता तो गावातल्या लोकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून जसाच्या तसा जपला. २००८ साली युनेस्कोने त्याबद्दल गौरव केला. नव्या रंगाचा भपका नाही. जुनं जुन्यासारखं ठेवायला किती कष्ट लागतात ते वाईच्या घाटावर राहणाऱ्याला सांगायला नको.

१२ फेब्रुवारी, बुधवार. माघ पौर्णिमा

आज इथे माखा बुचा. माघ पूजा. पंचांग उघडायची गरज नव्हती, नावातच तिथी आहे.

पहाटे मालकीणबाईंनी उठवलं. दारापुढे चटई, वाफाळता चिकट भात, केळीच्या पानात काहीतरी बांधलेलं. भिक्खू अनवाणी आले, एकामागे एक, सगळ्यात शेवटी दहा-अकरा वर्षांचा सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, पात्र पोटाशी धरलेलं. भिक्षेच्या या फेरीला 'बिन्थबात' म्हणतात, म्हणजे पिंडपात. नातीने आधी घातलं, मग मी. हाताला हात लागू न देता पात्रात सोडायचं. मग त्यांनी पालीत आशीर्वाद म्हटला, आणि आम्ही बसून मान खाली घातली. माझ्या आजीच्या आठवणीत वाईतल्या पाठशाळांतले विद्यार्थी दारोदार माधुकरी मागत. 'ॐ भवति भिक्षां देहि' ऐकू आलं की चुलीपुढची बाई उठायचीच, ताटातलं वाढून द्यायची. आजी सांगायची, मागणाऱ्याला वाढताना त्याच्या तोंडाकडे बघू नये, त्याला अवघडायला होतं. इथे सगळ्यांच्या नजरा खालीच होत्या.

रात्री मालकीणबाई त्यांच्या गाडीतून आम्हाला पुन्हा लंपांग लुआंगला घेऊन गेल्या. मी आधी नको म्हटलं होतं. त्यांनी फोनवर टाइप करून दाखवलं : आज सगळे जातात.

माखा बुचाची कथा अशी. राजगृहाच्या वेळुवनात बाराशे पन्नास भिक्खू, कुणीही बोलावलेलं नसताना, एकाच पौर्णिमेला बुद्धांपाशी जमले. निरोप नाही, निमंत्रण नाही. तो दिवस हा. वारीला तरी कोण आमंत्रण देतं? भावाला लिहून पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, "अगदी आपल्यासारखं, ताई."

तट चांदण्यात काळा दिसत होता. प्रत्येकाच्या हातात एक कमळ किंवा साधं फूल, तीन उदबत्त्या, एक पिवळी मेणबत्ती. चेदी उजवीकडे ठेवून तीन फेऱ्या. याला 'वियन थियन' म्हणतात, मेणबत्ती घेऊन फिरणं. पुढे भिक्खू, मागे गाव. शाळेच्या गणवेशातली पोरं, काठी टेकणारे म्हातारे, तान्हं मूल पाठीशी बांधलेली एक बाई. कुणी बोलत नव्हतं. वाळूवर एवढ्या पायांचा आवाज पावसाच्या सुरुवातीसारखा येत होता. वारा आला की ज्याची विझली तो शेजारच्याच्या ज्योतीला आपली वात लावायचा. माझी दोनदा विझली. दोन्ही वेळा अनोळखी माणसांनी लावून दिली.

प्रत्येक फेरीत ती पांढरी खोली बाजूने यायची. दार बंद, पायऱ्या रिकाम्या. पहिल्या फेरीत मी तिच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या फेरीत बघितलं. तिसऱ्या फेरीत नात माझ्या शेजारी होती, माझा पदर धरून. तिने मला काहीतरी विचारलं, खोलीकडे बोट दाखवून. आजीने तिला हलकेच उत्तर दिलं. मला शब्द कळले नाहीत. पण मुलीचा चेहरा कळला. एकतीस वर्षं मी वर्गात असे चेहरे बघत आले आहे : उत्तर मिळालंय, पण पटलेलं नाही.

फुलं, उदबत्त्या, मेणबत्ती तिथल्या वाळूच्या पेटीत खोचून आलो. परतताना गाडीत पोर माझ्या मांडीवर झोपली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारची गाडी. सकाळी सामान बांधायला घेतलं आणि रविवारी बाजारात घेतलेले कोंबड्याचे वाडगे ज्या खोक्यात होते, ते खोकं रिकामं केलं. वाडगे साड्यांत गुंडाळले. हे बघत होते. काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन मालकीणबाईंकडून कात्री आणि चिकटपट्टी घेऊन आले.

खोक्याच्या एका बाजूला चौकोन कापला. तेलकट कागद नव्हता. स्वयंपाकघरात खाव तेन ज्यात बांधून मिळाले होते तो पातळ कागद होता, त्याला तेलाचा हात लावला. समोरच्या बाजूला चांदीचा कागद चिकटवला, कारण पुठ्ठ्यात भोक नीट गोल पडत नाही, फाटतं. भोक मी माझ्या मंगळसूत्राच्या सेफ्टी पिनेने पाडलं. नात मांडी घालून समोर बसली होती, एक शब्द न बोलता, माझ्या बोटांकडे बघत. फटी बुजवल्या. डोक्यावरून घ्यायला माझी काळी शाल.

ओट्यावर आलो. समोर नदी, पलीकडे एका देवळाचं सोनेरी टोक, रस्त्यावर घोडागाडी उभी. लंपांगात अजून घोडागाड्या आहेत, फुलं लावलेल्या. मी तिच्या डोक्यावर शाल टाकली, खोकं तिच्या हातात दिलं आणि तिचे खांदे धरून उन्हाकडे वळवले.

थोडा वेळ काही नाही. डोळे सरावायला वेळ लागतो, हे मी तिला सांगू शकत नव्हते. खांद्यावरचा हात काढला नाही. घोडा हलला असावा, कारण शालीच्या आतून एकदम आवाज आला, "क्लाप हुआ! याय, क्लाप हुआ!" याय म्हणजे आजी. क्लाप हुआ म्हणजे डोकं उलटं. कुणाला भाषांतर करावं लागलं नाही.

ती खोकं घेऊन अंगणभर फिरली. देवळाचं टोक, आंब्याचं झाड, ह्यांचा चेहरा, सगळं उलटं करून बघितलं. मग आजीकडे गेली, तिच्या डोक्यावर शाल टाकली आणि मी धरले होते तसेच तिचे खांदे धरून तिला नदीकडे वळवलं.

मालकीणबाई ओट्याच्या कडेवर बसल्या. शाल डोक्यावरून गळ्यापर्यंत आलेली, खोकं दोन्ही हातांत. आमची गाडी यायला अजून तास होता. नात दोनदा खोकं मागायला गेली. त्यांनी हाताने थांब म्हटलं, आणि बघत राहिल्या.